नागपुरातील एका गच्चीवरची बाग: उन्हाळ्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरच्या पश्चिम भागातील एका दुमजली घराच्या गच्चीचे आहे. घरात निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे पती राहतात. शेजारीपाजारी त्यांना काकू आणि काका म्हणतात, म्हणून येथेही तेच म्हटले आहे. गच्चीवर साधारण ७० कुंड्या होत्या. जिन्याच्या खोलीलगत लिंबाचे एक झाड मोठ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये होते, कढीपत्ता आणि तीन मोगरे मातीच्या मोठ्या कुंड्यांत होते, जास्वंद व गुलाब सिमेंटच्या कुंड्यांत आणि भाजीपाला काळ्या ग्रो बॅगांत, म्हणजे झाडे लावायच्या पिशव्यांत होता. भाजीपाल्यात टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, पालक आणि कोथिंबीर अशी सरमिसळ होती. हिवाळ्यात या बागेने भरभरून दिले होते आणि त्याच उत्साहात फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटोची दुसरी लावणी झाली.

नागपूरचा उन्हाळा कोकणातल्यापेक्षा आणि पुण्यातल्यापेक्षा पुष्कळ वेगळा असतो, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण उन्हाळी बागेविषयीचे सल्ले सर्वत्र सारखेच वाटले जातात. येथे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे असते, वाईट आठवड्यात पारा ४५ अंश ओलांडतो, आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबईत ३५ अंशांना झाड घामट हवेत उभे असते आणि त्याच्या पानांतून पाणी सावकाश उडते. नागपुरात तेच झाड दुपारभर पानांतून पाणी गमावत राहते आणि मुळांना तो वेग झेपत नाही. त्यात गच्ची म्हणजे वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब आणि पश्चिमेकडून लू, म्हणजे तापलेला कोरडा वारा, असा तिहेरी मारा.

अडचण

एप्रिलच्या मध्यापासून बाग माना टाकू लागली. दुपारी बारानंतर जवळपास प्रत्येक झाडाची पाने लोंबत. काकूंनी पाणी वाढवले. आधी सकाळ-संध्याकाळ असलेले पाणी दुपारीही सुरू झाले. रोज सुमारे २० बादल्या, म्हणजे अंदाजे ३०० लिटर पाणी जाऊ लागले. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी वेळ येत असल्यामुळे त्यातील मोठा वाटा बोअरच्या पाण्याचा होता आणि कूलरची टाकी आठवड्यातून दोनदा रिकामी करताना निघणारे पाणीही वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांनाच दिले जात होते. झाडे अशक्त झाली आहेत असे समजून काकांनी प्रत्येक कुंडीत दाणेदार रासायनिक खताची चिमूट टाकली.

एप्रिल संपता संपता टोमॅटोला फुले येत होती, पण देठापाशी वाळून गळत होती. जास्वंदीच्या आणि लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. वांग्याची आणि गुलाबाची पाने फिकट ठिपक्यांनी भरली होती. पालक कडवट झाला होता आणि कोथिंबीर वीतभर वाढण्याआधीच फुलोऱ्यावर आली होती. काकूंचा प्रश्न एकच होता: एवढे पाणी देऊनही झाडे तहानलेली का दिसतात?

निदान

पहिला निर्णय निदानापुरता होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. दुपारची पाहणी बाजूला ठेवून सकाळी सहाच्या सुमारास बाग पाहायची, असे ठरले. दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी आपोआप सावरत असेल तर ते झाडाचे स्वतःचे संरक्षण आहे. मातीत ओल असली तरी मुळांकडून येणारे पाणी तेवढ्या वेळेपुरते पुरत नसल्यामुळे ते पाने लोंबवून उन्हाला कमी पृष्ठभाग देते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहाटेही जे झाड लोंबलेले असते, ते खरे आजारी. या एका कसोटीने ७० पैकी साधारण ४० कुंड्या चिंतेच्या यादीतून बाहेर पडल्या. दुपारचे पाणी या कुंड्यांना निष्कारण मिळत होते.

उरलेल्या कुंड्यांमध्ये लक्षण एकच असले तरी कारणे तीन निघाली. काही ग्रो बॅगा पालथ्या करून पाहिल्या तेव्हा वरची दोन इंच माती ओली आणि आतला गोळा खडखडीत कोरडा होता. या बागेतील मातीत विदर्भातील काळ्या मातीचे प्रमाण मोठे होते. काळी माती सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी जाते, खालून वाहू लागते आणि पाणी भरपूर झाले असा समज होतो. मुळांच्या गाभ्यापर्यंत थेंबही पोहोचत नाही.

सिमेंटच्या कुंड्यांत याच्या उलट स्थिती होती. तळाची छिद्रे मातीने आणि मुळांनी बुजली होती, कुंड्या थेट स्लॅबवर टेकलेल्या होत्या आणि तळाला आंबूस वासाचा चिखल साचला होता. गुलाबाची मुळे तपकिरी व मऊ पडली होती. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून तेही झाड तहानलेलेच दिसत होते, आणि ते तसे दिसते म्हणून त्याला आणखी पाणी मिळत होते.

तिसरे कारण क्षारांचे होते. मातीच्या कुंड्यांच्या बाहेर पांढरा थर आला होता आणि मातीवरही पांढुरकी साय दिसत होती. साध्या टीडीएस मीटरने, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजले असता बोअरच्या पाण्याचा आकडा ९०० च्या आसपास आला, आणि कूलरच्या टाकीतील शिल्लक पाण्याचा २,००० च्या पुढे गेला. यात आश्चर्य काही नाही. कूलर दिवसभर पाणी उडवतो, पण उडते ते शुद्ध पाणी. त्यातील क्षार टाकीतच राहतात, त्यावर पुन्हा बोअरचे पाणी भरले जाते आणि प्रत्येक दिवसागणिक ते पाणी अधिक खारट होत जाते. त्यात दाणेदार खताची भर पडली होती. मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पानांच्या कडा करपतात. वैदर्भीय घरांत कूलरचे पाणी झाडांना घालण्याची पद्धत फार जुनी आणि सद्हेतूची आहे. जमिनीतील मोठ्या झाडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण पावसाळ्यात क्षार खोल वाहून जातात. कुंडीत मात्र ते जाणार कुठे?

टोमॅटोच्या फूलगळीचे कारण या तिन्हींहून निराळे होते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या बरेच वर आणि रात्रीचेही पंचविशीच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही. हे कोणत्याही खताने किंवा फवारणीने बदलत नाही. वांगी आणि गुलाबावरील फिकट ठिपके लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीचे होते. पानांच्या पाठीमागे बारीक जाळे दिसत होते. कोरड्या, तापलेल्या हवेत कोळ्यांची पिढी आठवड्याभरात पूर्ण होते, म्हणून त्यांचा फैलाव डोळ्यांदेखत होतो.

समोर असलेले पर्याय

काकूंच्या मनात पहिला पर्याय ठिबक सिंचनाचा होता. तो वाईट नव्हता, पण कारणे तीन आणि पाणी एकच देणारी नळी, यामुळे कोरड्या कुंड्यांना कमी आणि साचलेल्या कुंड्यांना जास्त अशी स्थिती कायम राहिली असती. शिवाय बोअरच्या क्षारांनी ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडे, बुजण्याची शक्यता होती. काकांचे म्हणणे सर्व कुंड्यांची माती लगेच बदलावी असे होते. दोष मातीतच आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते, परंतु मे महिन्याच्या तोंडावर मुळे उघडी करणे म्हणजे आजारी झाडाला आणखी एक धक्का देणे. त्यामुळे कुंडी बदलणे जुलैपर्यंत पुढे ढकलले.

क्षारांबाबतचा निर्णय अधिक अवघड होता. क्षार धुवायचे तर कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट गोडे पाणी सावकाश सोडून ते तळातून वाहू द्यावे लागते. २० लिटरच्या एका कुंडीला ४० लिटर. सर्व कुंड्यांना हे करायचे तर पाण्याच्या टंचाईत हजारो लिटर नळाचे पाणी गच्चीवरून वाहून गेले असते, आणि ते योग्य झाले नसते. म्हणून प्रश्न असा मांडला गेला की कोणती झाडे परत मिळणार नाहीत? लिंबू सहा वर्षांचे होते, कढीपत्ता त्याहून जुना, मोगरे काकूंच्या आईच्या अंगणातील. ही झाडे आणि दोन जास्वंदी एवढ्यांचेच धुणे करायचे ठरले. बाकीच्या मातीचे क्षार पहिल्या पावसांवर सोडले.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती टोमॅटोवर. झाडे हिरवी होती, फुलेही येत होती, आणि हाताने वाढवलेले हिरवे झाड उपटणे कोणालाही सोपे नसते. पण ही आठ झाडे रोज सुमारे दोन बादल्या पाणी घेत होती, त्यांच्यावर कोळी पोसला जात होता, आणि पावसापर्यंत त्यांना एकही फळ लागणार नव्हते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या बागेत काय जगवायचे यापेक्षा काय सोडून द्यायचे हे आधी ठरवावे लागते, आणि एकदा ते ठरले की उरलेल्या झाडांना द्यायला पाणी, सावली आणि वेळ तिन्ही मिळतात. काकूंनी दोन दिवस विचार करून टोमॅटो, पालक आणि कोथिंबीर काढून टाकली.

कृती

मेच्या पहिल्या आठवड्यात कामाला सुरुवात झाली. कूलरचे पाणी कुंड्यांना देणे त्याच दिवशी बंद झाले. ते गच्ची आणि अंगण धुण्याकडे वळवले गेले. खत पूर्णपणे थांबले. खालच्या भाडेकरूंच्या एसीतून गळणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, म्हणून तेही गोळा करून पाहिले, पण विदर्भाच्या कोरड्या हवेत ते दिवसाकाठी अर्धी बादलीच भरते. ते घरातील मनीप्लांट आणि फर्नला पुरले, तेवढाच उपयोग.

आतून कोरड्या पडलेल्या लहान कुंड्या टबात पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवल्या. मोठ्या ग्रो बॅगांच्या कडेच्या फटी चाळलेले गांडूळखत आणि भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणाने बुजवल्या. यानंतर पाणी देण्याची पद्धत बदलली. पहाटे सात वाजण्यापूर्वी सर्व कुंड्यांना आधी थोडे थोडे पाणी द्यायचे, एक फेरी पूर्ण करायची आणि मग पहिल्या कुंडीपासून पुन्हा पोटभर पाणी द्यायचे. पहिल्या फेरीने माती मऊ होते आणि दुसऱ्या फेरीचे पाणी आत मुरते. संध्याकाळी बोट दोन पेरे खुपसून पाहायचे आणि कोरडे लागले तरच पाणी. साचलेल्या कुंड्यांची छिद्रे खालून तारेने मोकळी केली, सर्व कुंड्या दोन-दोन विटांवर उचलून ठेवल्या आणि आठवडाभर पाणी साचलेल्या कुंड्यांचे पाणी निम्मे केले. विटांमुळे पाण्याचा निचरा झालाच, शिवाय तापलेल्या स्लॅबशी असलेला थेट संबंधही तुटला.

मुळांची उष्णता हा विषय घरगुती बागेत जवळजवळ कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मला तो पाण्याइतकाच गंभीर वाटतो. काळ्या ग्रो बॅगेच्या पश्चिमेकडील बाजूला दुपारी तीन वाजता हात लावून पाहिला तर चटका बसतो. त्या बाजूची बारीक मुळे, म्हणजे प्रत्यक्ष पाणी ओढणारी मुळे, भाजून मरतात. म्हणून ग्रो बॅगा जिन्याच्या खोलीच्या पूर्वेकडील भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवल्या. दुपारी तेथे भिंतीची सावली येते आणि कुंड्यांची गर्दी एकमेकींना झाकते. बाहेरच्या रांगेला जुन्या गोणपाटाचा पदर गुंडाळला. लिंबाच्या ड्रमला बाहेरून चुना दिला. लहान मिरच्यांच्या कुंड्या मोठ्या रिकाम्या मातीच्या कुंड्यांत ठेवून मधल्या जागेत वाळू भरली आणि ती ओली ठेवली.

आच्छादनासाठी वाळलेला पाला तीन इंच जाडीने पसरला. तो पुरेना, तेव्हा जवळच्या रसवंतीतून उसाची चिपाडे आणण्याचा विचार पुढे आला. चिपाडे उत्तम आच्छादन आहेत, पण ताजी असताना त्यांत साखर असते, तिच्यामागे मुंग्या येतात आणि मुंग्या जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाला जपतात. म्हणून ती दोनदा धुऊन, चार दिवस कडक उन्हात वाळवून मगच वापरली. कूलरच्या जुन्या ताट्यांतील वाळाही कोणी सुचवला होता. त्यावर क्षारांचा थर चढलेला असतो, त्यामुळे तो नाकारला.

शेडनेट ५० टक्के सावलीचे, हिरवे घेतले. दुकानदार ७५ टक्क्यांचे देत होता. ते फर्न आणि मनीप्लांटसारख्या शोभेच्या झाडांना चालते, पण मिरची, वांगी आणि लिंबाला तेवढी सावली जास्त होते. पहिल्या उभारणीत बांबू आखूड असल्यामुळे जाळी पाच फुटांवर बांधली गेली, तिच्याखाली हवा कोंडली आणि दुपारी तेथे उभे राहवेना. चार दिवसांनी ती आठ फुटांवर नेली आणि पश्चिमेला पडद्यासारखी खाली सोडली. त्यानंतर फरक लगेच जाणवला.

कोळ्यांसाठी दुकानातून गंधकाचा सल्ला मिळाला होता. चाळिशीच्या तापमानात गंधकाने पाने भाजतात, म्हणून तो टाळला. एक दिवसाआड पहाटे पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि सूर्य मावळल्यावर लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, आधी एका फांदीवर पाहून, मग संपूर्ण झाडावर फवारले.

मेच्या अखेरीस नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे हे नऊ दिवस विदर्भात वर्षातील सर्वांत कडक मानले जातात. नेमक्या याच दिवसांत घरच्या एका लग्नासाठी काकू-काकांना चार दिवस अकोल्याला जायचे होते. लिंबाच्या ड्रममध्ये आणि मोगऱ्याच्या मोठ्या कुंड्यांमध्ये बिनरंगाची लहान मडकी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरली व वर झाकणी ठेवली. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते आणि माती कोरडी पडेल तसे अधिक ओढले जाते. बाहेरून रंग दिलेले मडके पाझरत नाही, हे खरेदी करताना पाहावे लागते. लहान कुंड्या तळमजल्यावरच्या पडवीत उतरवल्या आणि उरलेल्यांना सकाळी एकदा पाणी देण्याचे काम शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने घेतले. नवतप्यात फवारणी आणि छाटणी पूर्ण बंद होती.

परिणाम

लिंबू, कढीपत्ता, जास्वंदी, मिरच्या आणि वांगी वाचली. लिंबाची बारीक फळे गळाली, पण जूनच्या मध्यास पाऊस सुरू होताच नवी पालवी फुटली. मुळे कुजलेल्या गुलाबांपैकी दोन गेले. ज्यांची अर्धी मुळे शाबूत होती ते जगले, मात्र उन्हाळाभर त्यांनी फूल दिले नाही. भेंडी उन्हात तगली, तरी पांढऱ्या माशीमुळे तीन झाडांवर हळद्या रोग आला आणि ती उपटून टाकावी लागली. रोजचे पाणी ३०० लिटरवरून सुमारे १६० लिटरवर आले. यात टोमॅटो काढल्याचा, आच्छादनाचा आणि दुपारची फेरी थांबवल्याचा, तिन्हींचा वाटा आहे. कोणाचा किती हे वेगळे काढता येणार नाही, कारण सर्व बदल एकाच पंधरवड्यात झाले.

मोगऱ्याने एक गोष्ट स्पष्ट केली. जाळीखाली गेल्यावर त्याची पाने हिरवीगार झाली आणि कळ्या जवळपास थांबल्या. मोगरा, सदाफुली, बोगनवेल, अडेनियम ही झाडे उन्हावरच फुलतात. त्यांना मुळांशी गारवा आणि डोक्यावर ऊन हवे. मोगरे जाळीबाहेर, चांगल्या आच्छादनासह ठेवल्यानंतर तीन आठवड्यांत ओंजळभर फुले येऊ लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यातील वादळी वाऱ्याने जाळी एका बाजूने फाटली. सुतळीने थेट जाळीत गाठी मारल्या होत्या, त्यामुळे सर्व ओढ त्या चार छिद्रांवर आली.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणातील बहुतेक कामे मे महिन्यात झाली आणि त्यांतील बहुतेकांची योग्य वेळ फेब्रुवारी होती. कुंड्यांतील माती बदलणे, काळ्या मातीत कोकोपीट व कुजलेले शेणखत मिसळून तिचे आक्रसणे कमी करणे, छिद्रे तपासणे, आणि नळाचे पाणी मुबलक असताना जपायच्या झाडांचे क्षार धुणे, ही कामे होळीच्या आत उरकता आली असती. टोमॅटोऐवजी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गवार, चवळी आणि भेंडी, आणि पालकाऐवजी तांदुळजा, अंबाडी व मायाळू लावले असते तर मे महिन्यातही ताटात घरची भाजी राहिली असती.

बदल एकाच वेळी करण्याऐवजी पहाटेची पाहणी, पाण्याची तपासणी आणि दुपारचे पाणी बंद करणे एवढेच आधी केले असते, तर काही खर्चही वाचला असता. जाळीवरचा खर्च सर्वांत मोठा होता, आणि भिंतीच्या सावलीत हलवलेल्या कुंड्यांना तिची गरज होती का, याबद्दल मला शंका आहे. गच्चीवर दुपारी पूर्वेला सावली टाकणारी अशी भिंत नसलेल्या घरात मात्र जाळीला पर्याय नाही.

जाळी पुढच्या वर्षी काठाला दोरी शिवून, कड्या लावून आणि वरून आडव्या तारांवर टाकून बांधायची आहे, म्हणजे वारा सुटला की ती गुंडाळता येईल. मृग लागल्यानंतर ती एकदम न काढता आधी संध्याकाळी व ढगाळ दिवशी उघडायची, कारण सावलीत वाढलेली कोवळी पाने उघडीप मिळताच जूनच्या उन्हातही भाजतात. कुंड्यांची संख्याही ७० वरून ५० वर आणण्याचे काकूंनी ठरवले आहे. रिकाम्या झालेल्या ग्रो बॅगांतील माती त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात पातळ पसरून पावसात धुण्यासाठी ठेवली. जुलैत तिचा मीटरने पुन्हा आकडा घेऊन मगच ती वापरात यायची आहे.